अलिबागजवळ टेंटमध्ये राहायचंय? पाण्याला चिकटून नको, वाडीत झोपा

ऑफिसातले, सोसायटीच्या ग्रुपवरचे, लेकीच्या शाळेतल्या आया, सगळे एकच विचारतात की अलिबागला टेंटमध्ये राहायचं तर कुठला कॅम्प चांगला, लिंक पाठव ना. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. लिंक पाठवून काही होत नाही कारण लिंकमध्ये सगळे कॅम्प सारखेच दिसतात, लाल-निळे घुमट, मागे सूर्यास्त, पुढे शेकोटी आणि गिटार घेतलेला एक दाढीवाला. तो दाढीवाला आम्हाला तीन ट्रिपांत एकदाही भेटला नाही.

आम्ही डोंबिवलीचे. नवरा, मी, आठ वर्षांची लेक आणि शेवटच्या ट्रिपला सासूबाई. तीन हिवाळे, तीन जागा, एक रेवदंड्याच्या अंगाला, एक नागावात, एक अक्षीत. नावं देत नाहीये. पहिल्या दोघांशी वाजलंय आणि तिसऱ्याकडे इनमिन आठ टेंट आहेत, तिथे गर्दी झाली तर मलाच जागा मिळायची नाही.

पहिली ट्रिप 'सी-टच' या शब्दाला भुलून. माणशी १२०० रुपये, त्यात संध्याकाळचा चहा-भजी, बार्बेक्यू, रात्रीचं जेवण, सकाळी पोहे. जानेवारी होता, मुद्दाम पौर्णिमा धरून गेलो की चांदणं बघू, आणि वर दोनशे-दोनशे जास्त देऊन पहिल्या रांगेतला टेंट मागून घेतला. आता लिहितानासुद्धा हसू येतंय. संध्याकाळी खरंच भारी होतं हो, रेवदंड्याची ती काळी वाळू ओली झाली की आरशासारखी चमकते, समोर खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर, त्यावर किल्ल्याची तटबंदी, चंद्र मागून वर आला, नवऱ्याने शंभर फोटो काढले. पाणी इतकं लांब होतं की लेक म्हणाली समुद्र कुठे गेला.

समुद्र रात्री परत आला. साडेअकराच्या सुमाराला लेकीने मला हलवलं, आई, खालची मॅट गार लागतेय. हात लावून बघितला तर गार नाही, ओली. चेन उघडून टॉर्च मारला तर आमच्या बाहेर काढून ठेवलेल्या चार सँडलपैकी दोन जागेवर, एक तरंगत बाजूच्या टेंटकडे चाललेली आणि एक आजतागायत सापडलेली नाही. कॅम्पवरची पोरं धावत आली, काही नाही मॅडम, जरा वर घेऊ, असं म्हणून आमच्यासकटच टेंट ओढायला लागली. चार कोपऱ्यांना चार जण, आत मी, लेक, बॅगा आणि नवऱ्याचा कॅमेरा. एकही खुंटी उपटायला जोर लागला नाही, त्या वाळूत नुसत्या रोवलेल्या होत्या, धरलेलं काहीच नव्हतं. पोरं बिचारी चांगली होती, अठरा-एकोणीस वर्षांची असतील, त्यांना राग कसला करायचा. मालक कोण तर पुण्याला, फोन बंद. सकाळी लागला तेव्हा म्हणे, पौर्णिमेला थोडं होतं मॅडम, नॅचरल आहे. बरं मग बुकिंग घेताना हे नॅचरल सांगायला काय झालं होतं? पहिल्या रांगेचे जास्तीचे पैसे तरी परत करा म्हटलं तर तेही नाही.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांचं माहेर मुरूडचं. त्या भाजी निवडत होत्या, मानसुद्धा वर केली नाही. म्हणाल्या, "अगं, पौर्णिमेला पुळणीवर कोण झोपतं? उधाण असतं ते. बुकिंग करताना कालनिर्णय नाही का बघायचं?" आणि मग त्यांनी तो हिशोब सांगितला जो किनाऱ्यावरच्या पोरासोरांना पाठ असतो आणि आम्हा डोंबिवलीकरांना तीस हजारांच्या फोनवर शोधावा लागतो. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ. पौर्णिमा म्हणजे १५, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. दिवसा सव्वाअकरा आणि रात्री पण सव्वाअकरा, थोडं पुढेमागे. म्हणजे आम्ही बरोब्बर वेळ साधून, दोनशे रुपये जास्त भरून, भरतीच्या वाटेत झोपलो होतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास आणि ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती, पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त, तर अष्टमीच्या आगेमागे भांग, तेव्हा पाणी फार वरही येत नाही, फार खालीही जात नाही. एवढं समजलं की अर्धा कॅम्प निवडून झाला.

ज्यांना तिथी-बिथी नको त्यांनी नुसतं वाळूत बघा. सुकलेलं शेवाळ, काटक्या, थर्माकोलचे तुकडे, बाटल्यांची झाकणं यांची एक वेडीवाकडी ओळ किनाऱ्याला समांतर गेलेली असते, तिथवर हल्लीच पाणी येऊन गेलेलं असतं. कधी कधी दोन ओळी असतात, तेव्हा वरची धरायची. टेंट त्या ओळीच्या समुद्राकडच्या बाजूला असेल तर सरळ सांगा की भाऊ, हलव.

दुसऱ्या वर्षी शहाण्यासारखं वाळू टाळली आणि नागावला सुरूच्या झाडांमागच्या मैदानात बुकिंग केलं. बीचवर दोन मिनिटांत चालत, पार्किंग आतच, रेट १४००. फोनवर मी विचारलं टॉयलेट किती आहेत. वॉशरूम आहे मॅडम. हो पण किती? आहे ना मॅडम, क्लीन आहे, वेस्टर्न आहे. तेव्हाच फोन ठेवायला हवा होता. पोचलो तर टेंट मी स्वतः मोजले, ५६. टॉयलेट दोन. त्यातल्या एकाची कडी आतून लागत नव्हती, म्हणजे एकाने आत जायचं आणि दुसऱ्याने बाहेर राखण करायची. सकाळी सातला रांग अशी की बायका हातात ब्रश घेऊन गप्पा मारत उभ्या, मला तिथे कल्याणची एक लांबची आतेबहीण भेटली, एवढाच काय तो फायदा. पाणी बोअरचं, मचूळ, तोंडात घेतलं की मिठाच्या गुळण्या केल्यासारखं वाटतं. अंगाला लावलेला साबण निघता निघत नाही. प्यायला बिसलेरी, ती कॅम्पवरच विकत घ्यायची आणि तीही वाढीव भावात.

आणि डीजे. दहानंतर लाऊडस्पीकर बंद असतो हा नियम सगळ्यांना माहीत आहे, त्या कॅम्पवाल्यालाही माहीत असणार, कारण दहाला त्याने मोठा स्पीकर बंद केला आणि मग प्रत्येक ग्रुपने आपापला ब्लूटूथ स्पीकर काढला. एका बाजूला लावणी, दुसऱ्या बाजूला पंजाबी, पलीकडे कुणाचातरी बर्थडे. टेंटला भिंत नसते हे लोक विसरतात, नुसतं कापड असतं हो. शेजारच्या टेंटमधल्या मुलाचं ब्रेकअप मला पहिल्यापासून शेवटपर्यंत माहीत आहे. मुलीची चूक नव्हती. ग्रुपने जाणाऱ्या कॉलेजच्या पोरांना ही जागा आवडेल, खरंच आवडेल, बार्बेक्यूचं चिकन झकास होतं आणि बीचवर बनाना बोट-पॅरासेलिंगचा सगळा बाजार समोरच आहे. लहान मूल किंवा म्हातारं माणूस घेऊन जाणाऱ्यांनी मात्र लांबूनच हात जोडावेत.

अजून एक जे फोटोत कधीच दिसत नाही ते म्हणजे दव. हिवाळ्यात किनाऱ्यावर उघड्यावर टेंट असेल तर पहाटे बाहेरून पाऊस पडल्यासारखा भिजलेला असतो आणि आतून आपल्याच श्वासाची वाफ छताला लागून थेंब बनते, ती टपटप नाकावर. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, मतलई म्हणतात त्याला, तो अंगावरून गेला की जानेवारीत अलिबागला थंडी कसली असं म्हणणारा माझा नवरा माझी शाल ओढायला लागतो. आणि तोच टेंट सूर्य वर आला की आठ-साडेआठला कुकर. शिट्टी तेवढी व्हायची राहते. म्हणजे झाड हवंच, रात्री दवासाठी आणि सकाळी उन्हासाठी. पण झाड कुठलं हेही बघा. सुरूखाली उत्तम, खाली सुयांसारख्या पानांची गादी असते (फक्त तिथे शेकोटी नको, ती पानं भुरकन पेट घेतात). ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळच किनाऱ्यावर आलं तेव्हा या पट्ट्यातली किती सुरूची आणि नारळाची झाडं आडवी झाली, त्यामुळे 'घनदाट सुरूबन' असं लिहिलेल्या काही ठिकाणी आता छातीएवढी रोपं आहेत आणि सावली चटईएवढी. फोटो कोणत्या सालचा आहे ते विचारायला लाजू नका. नारळाखाली तर अजिबात टेंट लावू देऊ नका. नारळाला डोळे असतात म्हणे, तो बघून पडतो. असेल, पण झावळीला नसतात आणि ती पडते तेव्हा आवाज असा येतो की आख्खी वाडी उठून बसते.

हे ऐकलं ते तिसऱ्या जागेवर, अक्षीला. आता तिथलंच सांगते कारण पाच पैकी साडेचार तिलाच आहेत.

ही जागा म्हणजे कॅम्प वगैरे नाहीच खरं तर, एका काका-काकूंची नारळ-सुपारीची वाडी आहे आणि घरामागे मोकळा तुकडा आहे त्यात आंब्याच्या दोन मोठ्या झाडांखाली आठ टेंट लावलेत. समुद्र दिसत नाही. परत सांगते, समुद्र दिसत नाही, नंतर मला शिव्या देऊ नका. चालत दहा मिनिटं, वाटेत सुरूचं बन लागतं. रात्री झोपल्यावर मात्र ऐकू येतो, आणि मला वाटतं अंथरुणात समुद्र ऐकूच यावा, लागू नये.

टॉयलेट तीन, घराच्या भिंतीला लागून पक्के बांधलेले, आत बादली, मग, खुंटी आणि चालणारी कडी. मी पहिल्यांदा कडीच बघितली, काकूंनी ते बघितलं आणि हसल्या. पाणी विहिरीचं, गोडं. सकाळी अंघोळीला बंबावर तापवलेलं, त्याला धुराचा वास, सासूबाई एकदम खूश, म्हणाल्या माहेरचं पाणी. टेंट साधेच, तीन माणसांचा म्हणतात त्यात दोन मोठी आणि एक लहान मावतात, पण खाली प्लास्टिक, त्यावर चटई, त्यावर खरी कापसाची गादी आणि धुतलेली चादर. सासूबाईंना गुडघ्यामुळे खाली झोपता येत नाही म्हटल्यावर त्यांना घरातल्या पडवीत लोखंडी खाट दिली, त्याचे वेगळे पैसे नाहीत. काका-काकू तिथेच राहतात हा सगळ्यात मोठा फरक. रात्री दोनला कुणाच्या पोटात दुखलं तर उठवायला घरात माणूस आहे, पुण्याला फोन लावायचा नाही. दारू चालत नाही, म्हणजे काका बोलत काही नाहीत, फक्त खुर्ची टाकून समोर येऊन बसतात.

जेवण काकूंच्या हातचं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, ज्यांना हवी त्यांना सुरमई, बोंबील, सोलकढी. जिताडा मासा मिळाला तर करते म्हणाल्या होत्या, मिळाला नाही, त्याऐवजी फ्रोजन काहीतरी जिताडा म्हणून ताटात घातलं नाही याचं मला जास्त कौतुक.

आणि पोपटी. संक्रांत होऊन गेली होती, वालाच्या शेंगा भरलेल्या, तेव्हा पोपटी असणारच होती पण मी आधी फक्त रील्समध्ये बघितलेली. काकांनी मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला दाबून भरला, हाताला उग्र वास येतो त्याचा, ओव्याच्या जवळचा. मग शेंगा, न सोलता, त्यावर ओवा आणि जाडं मीठ, मधे बटाटे, रताळी, अंडी, केळीच्या पानात बांधलेलं मसाला लावलेलं चिकन, परत शेंगा आणि तोंडाशी परत पाला गच्च. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. मडकं उपडं ठेवलं, भोवती पेंढा, गवऱ्या, सुक्या झावळ्या रचल्या आणि पेटवलं. अर्धा तास सगळे भोवती उभे, पुढून भाजतंय, पाठ गार. काकांनी मग लेकीला बोलावलं, हातात पाणी दिलं आणि म्हणाले शिंपड मडक्यावर. चर्र झालं आणि पाणी दिसायच्या आत गायब. झाली म्हणाले. मडकं उलटून पेपरवर ओतलं, शेंगा काळपट हिरव्या, दाणे बोटाने दाबले की सालीतून सुळकन बाहेर, धुराची आणि पाल्याची चव आतपर्यंत. माझी लेक, जिला घरी वाल दिसले की पोटात दुखतं, ती शेवटपर्यंत पेपरवर बसून होती. बार्बेक्यूच्या नावाखाली लाल रंग फासलेले चार तुकडे खाऊन जे पैसे गेले होते ते त्या रात्री वसूल झाले. रेट इथे माणशी १३००, लेकीचे अर्धे, पोपटीचे वेगळे आणि त्यासाठी दोन दिवस आधी सांगावं लागतं.

अर्धा मार्क कशाचा कापला तर डास. वाडीला पाणी असतं, पाणी आलं की डास आले, संध्याकाळी सहा ते आठ ओडोमॉस थापून बसावं लागतं. लाइट एकदा गेली ती दोन तास आली नाही, इन्व्हर्टर फक्त घरात आहे, पॉवरबँक न्या. कोंबडा पहाटे चारला सुरू होतो आणि त्याला आवर नाही. आणि ऑनलाइन बुकिंग नाही, फोन करावा लागतो, काकू उचलतात तेव्हा मागे मिक्सर चालू असतो, तीनदा बोलल्यावर एकदा कळतं.

जायचं-यायचं थोडक्यात. गाडीने पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, कार्ले खिंड, अलिबाग. मुंबईकरांना जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून पनवेलपर्यंतचा वेळ वाचतो पण वडखळला शनिवारी सकाळी जे अडकायचं ते अडकायचंच, त्यामुळे शुक्रवारी रात्री किंवा पहाटे निघा. गाडी नसेल तर गेटवेवरून मांडव्याची बोट सगळ्यात सोपी, तिकिटातच पुढे अलिबागपर्यंतची बस असते, आणि अलिबागहून अक्षी-नागाव-रेवदंड्याला एसटी किंवा विक्रम रिक्षा. गाडीसकट यायचं तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात आणि टेंटही, कुणी जुलैमध्ये बीच कॅम्पिंगची ऑफर पाठवली तर उत्तर देऊ नका. ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि मार्चनंतर टेंटमध्ये झोपणं म्हणजे मोदकपात्रात झोपणं. नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी, बस.

दुसऱ्या दिवशी करायला पुष्कळ आहे, आम्ही अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यावर गेलो. आम्ही अष्टमीच्या आसपास गेलेलो, भांग होता, त्यामुळे कॅम्पसाठी उत्तम पण ओहोटीलाही वाटेतलं पाणी पूर्ण हटलं नाही, मग घोडागाडीने पाण्यातून गेलो, लेकीला तेच जास्त आवडलं. चालतच जायचं असेल तर उधाणाचे दिवस बरे, पण तेव्हा परत यायची वेळ घड्याळ लावून पाळायची. अक्षीतच तो जुना शिलालेख आहे, शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२, मराठीतल्या अगदी आद्य शिलालेखांत त्याचं नाव घेतात. आम्ही शोधत गेलो, नवरा म्हणाला एवढासाच दगड? मी म्हटलं हजार वर्षांपूर्वीचं मराठी आहे, जरा चप्पल काढ. कार्ले खिंडीच्या आधी रस्त्यावर पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसल्या तर घ्या, पण भाव करून, आणि माळ हातात धरून आतले कांदे बघून.

फोनवर काय विचारायचं असं विचाराल तर मी आता तीनच गोष्टी विचारते, टॉयलेट किती आणि टेंट किती, पाणी गोडं की मचूळ, आणि रात्री मालक कुठे झोपतो. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा माणूस गडबडला की मी थँक्यू म्हणून ठेवते. परवा एकाने उलट विचारलं, मॅडम तुम्ही पोलिसात आहात का.

यंदा परत अक्षीलाच. सासूबाईंनी कालनिर्णयवर जानेवारीतल्या अष्टमीला पेनने गोल करून ठेवलाय, नवऱ्याने त्या दिवशी मॅच आहे असं सांगून बघितलं, मग काकूंकडे टीव्ही आहे का ते विचारायला त्यानेच फोन लावला. मिक्सर चालू होता.